तीन सूत

आधी काहीच कापायचं नाही, जिलानी मिस्त्री म्हणाला.
गंजलं असलं तरी त्यानंच धरून ठेवलंय.
एकदा कापलं की सांगाडा आपल्या मनाचा होतो,
मग दार चौकटीला ओळखत नाही.

म्हणून अँगलचे टेकू, आडवे, तिरपे,
नुसते टाके मारून डागलेले.
चार कोपऱ्यांतून ओळंबे,
जमिनीवर खडूच्या चार फुल्या.
दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात.
"ताण द्या ताई, सैल सूत खोटं बोलतंय."

मागे रोलिंग मिल सळ्या ओकत होती.
जालन्याची दुपार, वर पत्रा कुरकुरत.
अण्णांची हेराल्ड चाकांविना, ठोकळ्यांवर;
गुरांच्या डॉक्टरची गाडी,
डिकीत अजून फिनेलचा वास
आणि कडब्याचं एक चिपाड.

डावा कर्ण मोजला. उजवा मोजला.
पुन्हा मोजला.
तीन सुतांचा फरक.

"हा गंजाचा न्हाई."
पुढच्या पट्टीवरून त्यानं बोट फिरवलं :
घाईत हातोड्यानं बसवलेली घडी,
वर काळा रंग.
"कधी ठोकली होती?"

कधीच नाही, मी म्हणाले.

मग आठवला तो आठवडा.
अण्णा पहाटे अंबडहून आले,
आईचा हात गळ्यात.
न्हाणीत पाय घसरला, असं शेजारणींना
तिनं इतक्यांदा सांगितलं
की आम्हालाही ओली फरशी आठवायला लागली.
गाडी महिनाभर दिसली नाही.
कार्बोरेटर, म्हणाले होते अण्णा.

मिस्त्रीनं बिडी चिरडली.
"साखळी लावून ओढलं तर निघंल.
पण दारं चाळीस वर्षं या वाकड्यालाच बसलीत.
सरळ केलं तर तीच लागायची न्हाईत. बोला."

आईचं कोपर अजून पुरतं उघडत नाही.
त्याच हातानं ती चहा गाळते, थेंब न सांडता.

राहू द्या, म्हटलं.

त्यानं फुलीशेजारी खडूनं लिहिलं : ३.
मग सुरू केलं.
इंचभर गंज कापायचा, इंचभर पत्रा बसवायचा,
एक टाका डावीकडं, एक उजवीकडं,
लोखंड निवेस्तोवर हात बांधून उभं राहायचं.
दर वेळी पुन्हा दोरा.
"सरळ कुणीबी करंल," तो काचेआडून म्हणाला,
"वाकडं हाय तेवढंच ठेवायचं, ते अवघड."

संध्याकाळी आईचा फोन :
झाली का गं नीट?
दोऱ्याचा वळ बोटावर तसाच होता.
मापात आहे, मी म्हणाले.
ती बराच वेळ काही बोलली नाही.