तेरावं ठाण

पहाटे साडेतीनला मी उठतो ते गजराने नाही.
काडी मागचा उजवा खूर आपटते, एकदाच,
मग कुठे कोंबडं.

काडी पहिली.
पुण्याच्या रेसकोर्सवरून काढून टाकलेली,
कंबर धरलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.
राजदूत विकून तिला आणली
तेव्हा द्रुपदा दारातच म्हणाली,
"ती निदान पेट्रोल संपलं की काही मागायची नाही."

सहा महिने पळवलीच नाही.
असोग्याला, मलप्रभेच्या वाळूत,
गुडघाभर पाण्यातून नुसती चालवली,
तिची कंबर सुटली, माझं पोट उतरलं.
मग कडोलीच्या माळावर
तिनं पुढच्या घोड्याचं शेपूट एकदा बघितलं.
पुन्हा बघायची वेळ स्वतःवर येऊ दिली नाही.

तिथून माणसं यायला लागली.
निपाणीचा तंबाखूवाला, त्याचा घोडा तंबाखू.
संकेश्वरचा मिरचीचा अडत्या रायगोंडा,
त्याच्या घोडीचं नाव सांगायला नको.
टिळकवाडीचे दातांचे डॉक्टर,
घोड्याचा जबडा उघडून वय सांगतात
आणि दोन वर्षांनी चुकतात.
कागदोपत्री ह्या जनावरांची नावं लांबलचक, इंग्रजी.
ती ऐकून एकानंही कधी कान टवकारला नाही.

गोकाकचा कुमैत 'थांब' म्हटलं तरी थांबेना.
परशानं लगाम ओढून ओढून तळहात सोलून घेतले.
चौथ्या दिवशी दस्तगीर नालबंद आला,
तोंडात खिळे तसेच धरून पुटपुटला, "निल्लो."
उभा राहिला की गा!
रागानं नव्हे, सुटल्यासारखा,
परमुलखात कुणी गावचं भेटावं तसा.
आता परशा दोन्ही भाषांत शिव्या देतो
आणि दोन्हींत लाड करतो.

आठवं ठाण. नववं. अकरावं.
हरभरा, कोंडा, गूळ, लसूणघास,
रविवार पेठेतला शेठ मला हल्ली 'साहेब' म्हणतो,
म्हणजे उधारी किती झाली ते बघायला हवं.
हातात खरारा कमी, फोन जास्त.
"होय, फॉर्मात आहे," म्हणतो मी,
"होय, रविवारी उतरवू."
पाय अजून गरम लागतो, हे वाक्य
घशापर्यंत येतं,
आणि मालक विचारतो, बारावं ठाण कधी रिकामं होणार?
त्याच्या मेव्हण्यालाही एक घोडा घ्यायचाय.

गेल्या अमावस्येला
मध्यरात्री कोणीतरी खूर घासत होतं.
अंथरुणात पडल्या पडल्या मी ऐकत राहिलो.
पूर्वी खोकल्यावरून सांगायचो कोण ते,
अंधारात, पाठ फिरवून, पैज लावून.
आता कळेना.
बॅटरी घेऊन एकेका ठाणाशी गेलो,
बारा वेळा उजेड, बारा वेळा मिटलेले डोळे उघडले,
माझ्याच पागेत मी चोरासारखा.

मिरची होती.
डावा पुढचा पाय हवेत धरून.
रविवारी मीच उतरवली होती.
हात लावला तर नळी चुलीतल्या विटेसारखी.
तिनं मान वळवून माझ्या खिशाचा वास घेतला,
गुळाच्या आशेनं.
एवढंच. तक्रार नाही केली.
केली असती तर बरं झालं असतं.

सकाळी रायगोंडाला फोन लावला,
सहा महिने, म्हणालो, कमीत कमी.
तो बराच वेळ बोलला. मी पाय शेकत होतो.
घोडी घेऊन जाईन म्हणाला, अजून तरी आला नाही.

आणि दहा वाजता खानापूरहून विटांचा ट्रक,
तेराव्या ठाणासाठी, मीच सांगितलेला,
आगाऊ पैसे दिलेले.
ड्रायव्हर विचारतो, कुठं उतरवू?
परशा माझ्याकडे बघतो.
द्रुपदा काही बोलत नाही,
राजदूतची आठवण तर मुळीच काढत नाही.

उतरव, म्हणालो. तिथंच, कडुनिंबाखाली.

अजून तशाच रचलेल्या आहेत.
रात्री त्यांच्यावर घोंगडं टाकून बसतो,
बॅटरी बंद करून.
तंबाखू दात घासतो गव्हाणीवर, हे पाठ झालं.
कुमैत झोपेत लांब श्वास सोडतो.
सातव्या ठाणातलं अजून ओळखू येत नाही.