सत्तावीस

चारठाण्याच्या बारवेत आम्ही पोहायला शिकलो,
पाठीला वाळका भोपळा बांधून.
तिसऱ्याच दिवशी मन्मथनं आपलाही भोपळा
माझ्या पाठीला आवळला.
मी बुचासारखा वर. तो खाली.

दया नव्हती ती.
त्याला पाण्यातल्या पायऱ्या मोजायच्या होत्या.
वर आला तेव्हा नाकातून रक्त,
म्हणाला, सत्तावीस.
गावानं वेड्यात काढलं.

पुढं तो नेव्हीत गेला.
आई विचारायची, समुद्राला पायऱ्या असतात का रे?
सुट्टीत पांढऱ्या पँटीला काळी माती लागू नये म्हणून
ओट्याशी उभ्यानंच चहा प्यायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली.
मास्तरांनी वाचली, घडी घातली,
पुन्हा उघडली,
आत आणखी काही असेल म्हणून.

नंतर वेंगुर्ल्याचा एक खलाशी येऊन गेला, सावळाराम.
ताटातली भाकर तशीच.
जहाज कललं, म्हणाला,
साहेबांनी आपलं जाकीट माझ्या अंगात घातलं,
बंद आवळले,
आणि इंजिनरूमच्या शिडीनं उतरले.
खाली चौघं होते.
किती पायऱ्या, मी विचारलं नाही.

बहात्तरला बारव आटली.
माणसं कठड्यावरून तळ बघून गेली.
मी एकटाच उतरलो, अनवाणी, मोजत.
सव्वीस.
मग गाळ.
दिवस बुडेपर्यंत हातानं उकरत राहिलो.

खाली दगड लागला की नाही
ते कुणाला सांगितलेलं नाही.
त्याच्या आईनं विचारलं, तेव्हा म्हणालो,
सत्तावीस.