ओदिलच्या पायरीशी

वर्षातून एकदा, एप्रिलच्या एका रविवारी
आमचं गाव टीव्हीवर दिसतं.
हेलिकॉप्टर बेल्जियमच्या बाजूनं येतं, त्याला आधी दिसतो
काळा डोंगर
(डोंगर कसला, आमच्या आजोबांनी
जमिनीच्या पोटातून उपसलेला टाकाऊ दगड),
त्यावर आता बर्चची झाडं, सशांची बिळं.
मग मनोऱ्यावरचं लोखंडी चाक,
तेहतीस वर्षं न फिरलेलं.

बाकीची चाकं येतात एकदम,
दगडी रस्त्यावर खडखडत,
जणू कुणी पिंपभर चमचे जिन्यावरून ओतले.
दीड मिनिट.
तेवढ्यासाठी आम्ही सकाळपासून खुर्च्या मांडतो,
बटाटे तळतो,
आणि झिग्मुंट आपली कबुतरं कोंडून ठेवतो,
हेलिकॉप्टरला भितात म्हणून.

यंदा वळणावर एक पोरगा पडला
थेट ओदिल दुदेकच्या पायरीशी.
दात आणि डोळे तेवढे दिसत होते,
बाकी सगळा धुळीचा.
डॉक्टरची गाडी पुढे निघून गेलेली.
ओदिल एक्याऐंशीची. गुडघे धरत उठली,
आतून कोमट पाणी आणलं, टॉवेल आणला,
आणि काही न विचारता सुरुवात केली
कानामागून.
मग पापण्यांच्या कडा, साबण न लावता.
मग नाकपुड्या, करंगळीला टॉवेलाचं टोक गुंडाळून.
मान सगळ्यात शेवटी.

नऊ वर्षांची होती तेव्हा
पहिली पाळी सुटली की असाच एक चेहरा दारात यायचा.
कंपनीची न्हाणी होती, पण बाप
चारचौघांत उघडा व्हायला लाजायचा.
पुसून झाल्याशिवाय कळायचं नाही
आज तो चिडलाय की नुसता दमलाय.

पोरगा त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला.
आई म्हणाला असेल, किंवा चेन.
"खोक आधी," ओदिल म्हणाली, आणि खोकून दाखवलं.
तो खोकला. थुंकला.
तिनं वाकून रंग पाहिला, नीट, बराच वेळ.
"ठीक आहे. जा."

शेवटून चौथा आला, असं रात्री कळलं.

टॉवेल कुंपणावर वाळत होता.
कबुतरं सोडून परतणारा झिग्मुंट
तो काळेपणा बघून थबकला.
"काय गं, खाण उघडली की काय?"

"दीड मिनिट," ओदिल म्हणाली.
"पाळीतले सगळे वर आले."