नवव्या मजल्यावरचे कोपरे

बाबांनी फ्लॅटमध्ये शिरल्यावर
आधी कोपरे मोजले.
बोटांवर. मग पुन्हा एकदा.
"सतरा," म्हणाले,
"एवढ्यांचं करायचं काय?"

सत्तर वर्षं गेरमध्ये काढलेला माणूस.
नमद्याचं गोल घर, मध्ये चूल,
वर धुराला वाट आणि तेवढंच आकाश.
तिथे कोपरा नावाची वस्तूच नसते.

मी म्हटलं, एकात कपाट, एकात फ्रीज,
एकात हा दिवा, हप्त्यांवर घेतलेला,
करकोच्यासारख्या मानेचा.
माझ्याकडे चौकटींची वही होती, मोजपट्टी होती.
त्यांच्याकडे दोन हात
आणि एक पेटी :
नारिंगी, निळ्या वेलबुट्टीची, एक कडी तुटलेली,
आईने सासरी येताना उंटावर आणलेली.

ती लिफ्टमध्ये मावेना.
पुढून शेजारचा बात्झोरिग, मागून मी,
नऊ मजले.
बाबा दर वळणावर "सावकाश" म्हणत होते.
आम्हाला नव्हे. पेटीला.

पेटी दारासमोरच. त्यात चर्चा नाही.
मानाची जागा ती, तिथे देव,
तिथे आईचा फोटो, डोळे किंचित मिटलेला.
पण आमच्या दारासमोर बाल्कनी होती.
आता ती आहे म्हणायची एवढंच.
धुणं मी खिडकीतून वाकून टाकते;
उणे तीसमध्ये तसंही ते वाळत नाही,
सदऱ्यांच्या फळ्या होतात,
बाह्या ठोकल्या तर वाजतात.

कामावरून आले, तर पलंग तिरका.
दुसऱ्या दिवशी कपाट तिरकं.
गुरुवारी टीव्ही.
खोलीचे कान कापून
म्हातारा तिला गोल करत होता.
प्रत्येक सामानामागे उरली
एक तिकोनी पोकळी,
आणि तिथे राहायला गेला तेमूलेन.
सात वर्षांचा. टॉर्च, बिस्किटं, एक चाक नसलेला ट्रक.
"हे माझं," आतून आवाज आला,
"आत यायचं तर खोका."
मला एकदम आठवलं,
लहानपणी मला रुसायला जागाच नव्हती.
रुसायचं तेही सगळ्यांच्या देखत,
आई चहात मीठ टाकता टाकता
माझं तोंड कधी सरळ होतंय ते बघायची.

फक्त काचेच्या टेबलावरून भांडण झालं.
पहिल्या पगारातलं माझं टेबल
चारी पाय वर करून
कपाटामागे उभं केलेलं.
"मध्ये काय ठेवायचं मग?"
"मध्ये चूल."
"चूल नाहीये, बाबा."
"माहितीये."

आणि गेले झोपायला.

मी खिडकीखालच्या पाइपाला हात लावला.
सरकारी ऊब. ऑक्टोबरात येते, मेमध्ये जाते,
तिला शेण घालावं लागत नाही,
राख काढावी लागत नाही,
आणि तिच्याभोवती कुणी बसत नाही.

नोमिन आली ऑफिसातली, म्हणाली,
मधली एवढी जागा फुकट घालवलीस!
गालिचा तरी टाक, एखादी कुंडी.
हो म्हटलं.
चहाचा वाडगा घेऊन ती निघाली
समोरच्या खुर्चीकडे,
आणि सरळ न जाता
वळसा घालून गेली.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
फार कष्टाने पाहिलं नाही.

डिसेंबरात एका रात्री वीज गेली.
पाणी प्यायला उठले,
डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.
गुडघा कशालाच लागला नाही.
पाय आपले आपण डावीकडून फिरले,
सूर्य फिरतो तसे,
पलंग, पेटी, आई, कपाट,
कपाटामागे झोपेत कुरकुरणारा पोरगा,
नळ.

सकाळी वही काढली.
नवं पान. चौकट आखली,
आत तिरक्या रेघा,
आणि मधोमध पेन्सिलीने एक वर्तुळ.
नाव लिहिलं नाही.

बाबा चष्मा शोधत आले,
पान लांब धरून बराच वेळ बघत राहिले.
"थोडी डावीकडे घे," म्हणाले.
"दाराचा वारा लागतो तिला."