दोन बोटं माया

बॉबिन हे नाव मीच ठेवलं.
आली तेव्हा शिलाई मशीनच्या पायट्याशी
दोऱ्यांच्या गुंत्यात झोपायची, तेवढीशीच होती.
आता सात महिन्यांची. वजन तीन किलो दोनशे,
जरीच्या तीन जड साड्यांइतकं.

नसबंदीचं विचारायला दोन डॉक्टरांकडे नेलं.
कन्नमवार नगरातले तांबोळी म्हणाले, आत्ताच उरकून टाका,
पहिला माज यायच्या आत. मागून गाठी, मागून पिशवीत पू,
नको ते सगळं.
हायवेपलीकडची नवी मुलगी, डॉक्टर शलाका,
बॉबिनला तळहातावर तोलत म्हणाली,
इवलीशी आहे हो फार. एकदा होऊन जाऊ दे,
मग दोन-तीन महिन्यांनी बघू.
दोघांनीही फी घेतली.
दोघांच्याही भिंतीवर तोच हसरा लॅब्रेडॉर.

कापायचं मला भय नाही.
सत्तावीस वर्षं तेच करते आहे, या एका खोलीत.
पण सुती कापड आधी भिजवावं, वाळवावं,
आटायचं तेवढं आटू द्यावं, मग कात्री.
घाई केली तर गिऱ्हाईक ब्लाउज घेऊन परत येतं.
आणि फार दिवस ठेवून दिलं, तर घडीवर विरतं.
हे कापडाचं झालं.

डिमेलो आंटी म्हणतात, एक वेत तरी होऊ दे,
एक पिल्लू मला.
चौथ्या मजल्यावरचे गुरव म्हणतात,
निसर्गाच्या आड येऊ नये माणसानं,
आणि मिशीला काळा कलप लावून खाली उतरतात.
मुलगा पुण्याहून फोनवर हसला,
आई, तिलाच विचार ना.
मी विचारलं. खरंच विचारलं.
तिनं बटणांचा डबा उपडा केला होता,
एक हुक दातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

मी ठरवत होते तोवर मंगळवार उजाडला.
कोपरकरबाईंच्या मोतिया अस्तरावर
तीन थेंब.
थंड पाण्यात मीठ घालून धुतले,
आपण सगळ्याजणी धुतो तसे,
कुणी बघायच्या आत.

त्या रात्रीपासून गेटपाशी पाच जण.
चौघं रडतात, भांडतात, स्कूटरच्या सीटा फाडतात.
पाचवा पिवळा, वॉचमनच्या खुर्चीखाली गप्प.
डाव्या कानाला खाच.
पालिकेच्या गाडीतून जाऊन आलेला.
अशीच खाच आम्ही कापडाच्या कडेला मारतो,
बाही कुठं जुळवायची ते कळावं म्हणून.
त्याच्यासाठी कुणी दोन डॉक्टर केले नव्हते.
मी बराच वेळ बघत होते त्याच्याकडे.
सुखी आहे का, काही कळलं नाही.
पाव टाकला, तो खाल्ला.

आता तीन आठवडे बॉबिन गच्चीवरच,
पाण्याच्या टाक्यांमधून फिरते.
शलाका म्हणाली, बरं झालं.
तांबोळी म्हणाले, मी सांगितलं होतं.
रात्री ती माझ्या पोटाशी येऊन झोपते,
उशीर झाला की वेळेवर, याचा हिशेब
माझ्या एकटीचाच चालू.

काल उरलेल्या वायलचा सदरा बेतला तिच्यासाठी,
नंतर टाके चाटू नयेत म्हणून.
छाती साडेअकरा, पाठ दहा, पोटाशी बंद.
माप घेताना टेप चावला तिनं, सहाच्या आकड्यावर.
शिवणीत दोन बोटं माया ठेवली.
सूज येईल, का अजून अंग धरेल,
का रोडावेल, मला कुठं माहीत.
लागली तर असावी आत.

तारीख खडूनं लिहिली आहे मशीनच्या काळ्या मानेवर,
बाकीच्या डिलिव्हऱ्यांच्या खाली.
फोन अजून केलेला नाही.
सदरा मात्र आजच घालून हिंडली घरभर,
एक बंद सुटलेला, मागून फरफटत,
आणि आरशापाशी थांबून
स्वतःवरच भुंकली.