वादी

इथे पावसाला कुणी नावं ठेवत नाही.
दोन-तीन वर्षांनी येतो, पाहुण्यासारखा.
पोरं अनवाणी रस्त्यावर धावतात,
म्हातारे कॉफीचा थर्मास घेऊन पाणी बघायला निघतात.
म्हणूनच जास्त जपायचं, खल्फान म्हणतो.
चोर आला तर दार लावता येतं,
पाहुण्याला काय म्हणणार?

डोक्यावर ऊन आहे. रस्ता कोरडा ठणठणीत.
फक्त हजर डोंगराच्या खांद्यावर
काळं काहीतरी बसलंय दुपारपासून,
आणि शेळ्या,
ज्यांना हवामानखात्याचा मेसेज येत नाही,
आपल्याआपण वर चढल्यात.

कोरड्या नदीला इथे वादी म्हणतात.
मराठी कानाला कोर्टातली वाटते,
आणि आहेच ती तशी:
जमीन तिची, दावा जुना,
डांबराची पट्टी आपण परवा अंथरली.
तारीख मात्र ती कुणाला कळवत नाही.

आधी आवाज आला.
खडीचा ट्रक कुठेतरी रिकामा होतोय असा.
मग पाणी, चहाच्या रंगाचं,
काटक्या, फेस, एक प्लास्टिकची खुर्ची
अगदी ऐटीत, पाठ सरळ ठेवून गेली.
काठावरच्या खांबावर पट्टे रंगवलेत,
खालचा पांढरा बुडाला,
त्याच्यावरचा लाल अर्धा.

खल्फाननं पिकअप रस्त्यावर आडवी लावली.
इंजिन बंद. किल्ली खिशात.

मागून नवीकोरी गाडी, उंच चाकांची.
पोरगा काच खाली करून ओरडला,
अहो काका, गुडघाभर तर आहे!
खल्फान काही बोलला नाही.
गुडघाभर हा शब्द त्याच्या घरात
एकोणीस वर्षं कुणी उच्चारत नाही.
मुर्शिद, धाकटा, हाच शब्द बोलून उतरला होता.
गाडी खजुराच्या बागेत सापडली, दोन मैल खाली,
वायपर चालूच होते म्हणतात.

पोरानं हॉर्न वाजवला. बराच वेळ वाजवला.
मग खल्फानच्या वडिलांबद्दल काही बोलला.
खल्फाननं थर्मास उघडला.

फोन. झुवैना.
अंगणात पाणी आलंय.
तो म्हणाला, मेन स्विच,
हात कोरडे कर, पायात रबरी...
केलं, ती म्हणाली.
तांदळाचं पोतं कपाटावर, गॅसची टोपी घट्ट,
शेजारची आजारी शम्सा वर आपल्या खोलीत,
आणि मी आत्ता गच्चीवर आहे,
पन्हळीत अडकलेल्या झावळ्या काढतेय काठीनं.
मला शिकवू नकोस.
तू कुठे आहेस ते सांग.

काठावर, तो म्हणाला.
अलीकडच्या?
अलीकडच्या.

तेवढ्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली.
फोनमध्ये नुसता पाऊस ऐकू येत होता.
मग म्हणाली, जेवण झाकून ठेवते,
उद्याचं उद्या खा.

अंधार पडला. पलीकडच्या काठावर
कुणीतरी दिवे दोनदा उघडझाप केले.
खल्फाननंही केले, दोनदा.
कोण ते ठाऊक नाही,
पण तोही थांबलाय एवढं कळलं.

मध्यरात्री खांबाचा लाल पट्टा पुरा बुडाला,
आणि एक अख्खं बाभळीचं झाड
मुळांसकट, उभंच्या उभं,
वळणावर जरा अडखळून पुढे गेलं.
पोरानं ते पाहिलं.
हॉर्नवरचा त्याचा हात
केव्हाच मांडीवर आला होता.
खल्फान काचेपाशी गेला,
खजुराचा डबा पुढे केला.
पोरानं एक घेतला. बी कुठे टाकावी कळेना,
मुठीतच धरून बसला.

पहाटे पाणी ओसरलं, तरी खल्फान हलला नाही.
काठीनं चाचपत दहा पावलं गेला आणि परतला:
मधला रस्ता खालून पोकळ झालाय,
वरून फक्त डांबराची साय आहे.

मग त्यानं आकाशाकडे पाहिलं
आणि, हे मात्र मला नीट कळलं नाही,
पावसाचे आभार मानले.