सोळावी जागा

पार्क चौकामागचा हॉल. संध्याकाळचे सात.
दुपारी बेचाळीस होतं, वरचा पत्रा अजून निवतोय,
मधूनच टक् करून बोलतो.
पंखे बंद. वाऱ्यानं फूल वाहवतं.
मी कोपऱ्यात रॅकेटला जाळी भरतोय, चोवीस पौंडांवर,
उभे धागे आधी, मग आडवे,
एकाखालून, एकावरून.
छत्तीस वर्षं मागावर हेच केलं.
तिथंही शटल, इथंही शटल.
तिथलं लाकडाचं, दोन्ही टोकांना लोखंड,
सुटलं तर माणसाचा डोळा घेऊन जायचं.
इथलं सोळा पिसांचं.

शिवशरण हिरेमठ बाकावर बसलाय,
जिल्ह्याच्या यादीत तिसरा.
मोज्यातला घाम पिळतो आणि विचारतो,
काका, त्या जगाच्या कपाला देश पोचतात तरी कसे?

ऐक बे, म्हटलं.
जागा सोळाच. ह्या फुलाला पिसं जितकी, तितक्याच.
ज्याच्या दारात मांडव, त्याचं पान आधी मांडलेलं.
मागच्या वेळी कप नेला, त्यालाही कुणी विचारत नाही,
तो येणारच.
मग एकेक खंड आपल्या घरात भांडतो
आणि कुणी चार धाडतो, कुणी एकच.
उरलेल्या जागा क्रमवारीनं.
क्रमवारी म्हणजे, देशातले वरचे तीन एकेरीवाले
आणि वरच्या दोन जोड्या,
त्यांनी वर्षभर मुलूख फिरून मिळवलेले गुण,
त्यांची बेरीज.
चौथा कितीही घाम गाळू दे,
बेरजेत धरत नाहीत.

शिवशरणनं मान हलवली. तो तिसरा.
चौथा, मुदस्सर बागवान, शेजारीच लेस बांधत होता.
बांधलेली लेस त्यानं सोडली, परत बांधली.

म्हणून मग मी थोडं मोठ्यानं म्हटलं,
अजून एक वाट असते.
कुणीतरी ऐनवेळी येत नाही.
पैसा नसतो, साथ येते, दोघांचे गुडघे एकदम जातात.
पण पंधरा पिसांवर फूल सरळ जात नाही,
भिरभिरत पडतं.
मग ते पत्र क्रमवारीच्या पायऱ्या उतरत
खाली खाली येतं
आणि एका दाराची कडी वाजवतं, येता का?

एकोणऐंशी साली ती कडी आमची होती.
गिरण्यांच्या संघात मी पाचवा, सांगलीला चौघंच जाणार.
गुरुवारी बोमण्णाचा पाय मुरगळला,
मॅनेजरनं पोऱ्या पाठवला साखर पेठेत.
घराला कुलूप.
मी दुसऱ्या पाळीत, आई विड्या द्यायला कंपनीत.
पोऱ्यानं शेजारच्या नरसव्वाला निरोप दिला, मराठीत.
तिला तेलुगूच यायचं.
रात्री बारा वाजता परतलो तर पायरीवर बसलेली.
कुणीतरी आलं होतं, म्हणाली,
फूल, फूल म्हणत होता. सकाळी सहाच्या आत द्या म्हणाला.
मला वाटलं, मार्कंडेयाच्या रथाची वर्गणी,
हारासाठी.
चार रुपये काढून कोनाड्यात ठेवले
आणि झोपलो.
सहाची गाडी गेली.
चार रुपये कितीतरी दिवस तिथंच होते,
कुणी मागायला आलं नाही.

पोरं हसली. मीही हसलो,
ह्या गोष्टीला हसायची सवय झालीय.
मुदस्सर हसला नाही. म्हणाला, काका,
तुमचा मोबाइल नंबर मंडळाकडे आहे ना आता?
आहे म्हटलं.
मग त्यानं स्वतःचा लिहिला,
माझ्या वहीत, धाग्यांच्या हिशोबाखाली,
आकडे ठळक, दोनदा गिरवून.

दोघं कोर्टवर गेले.
मी आडवा शेवटचा धागा ओढला, गाठ मारली,
नखानं वाजवून बघितलं.
तेवढ्यात लाईट गेली.
मुदस्सरनं उंच मारलेलं फूल
वरच होतं.
पत्राही बोलायचा थांबला.
आम्ही सगळे अंधारात मान वर करून,
ते कुठं उतरतं, कान लावून.

अगदी हलका आवाज आला.
आत, मुदस्सर म्हणाला.
शिवशरण काही वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, दिसलं नाही रे.
परत खेळू.